खात्री नसताना जगायचा सराव

'मला मरणाची भीती वाटते' हे वाक्य एकच असलं, तरी त्यात बहुतेकदा चार निरनिराळ्या भीती एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्या सुट्या केल्याशिवाय पुढचं काही लागू पडत नाही, कारण एकीवरचा उपाय दुसरीला चालत नाही. पहिली मरतानाच्या हालांची: वेदना, धाप, दुसऱ्याच्या हाती जाणं. दुसरी नसण्याची: आपण नाही आणि सगळं चालूच आहे, या कल्पनेनं पोटात पडणारा खड्डा. तिसरी म्हणजे मागे राहणाऱ्यांचा घोर. आणि चौथी, जिला धड नावही देता येत नाही: केव्हा, कसं, काहीच माहीत नसल्याची धाकधूक.

म्हणून सुरुवात कागदापासून. 'मला भीती वाटते की' अशी सुरुवात करून दहा वाक्यं लिहा, वीस मिनिटांत, मध्ये न थांबता. पहिली तीन-चार वाक्यं ऐकीव असतात. आपलं खरं दुखणं साधारण सहाव्या-सातव्या वाक्याला बाहेर येतं, तेव्हा पाचावर थांबू नका. मग प्रत्येक वाक्यापुढे वरच्या चारांपैकी एक आकडा टाका. जो आकडा जास्त वेळा आला, तिथून कामाला लागायचं.

पहिल्या भीतीला माहिती लागू पडते. दुखणं आणि धाप आटोक्यात ठेवणं ही वैद्यकशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे, पॅलिएटिव्ह केअर. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू केलं, तिथून तिला आजचं रूप आलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हा समज अनेकांना उगाच त्रासात ठेवतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच ही काळजी दिली. त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं आणि ते जगलेही थोडे जास्त: मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो आकडा, ११.६ महिने, इतरांचा ८.९. गंभीर आजारात डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: 'दुखणं किंवा धाप वाढली तर कोणतं औषध, कुणी द्यायचं, आणि रात्री कुणाला फोन करायचा?' याचं उत्तर लिहून घेतलं की या भीतीचा बराच भाग उतरतो.

दुसरीला युक्तिवाद थोडाच पुरतो. आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो, हे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसनं सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि रात्री तीन वाजता जवळजवळ निरुपयोगी. तिथे वेगळा सराव लागतो, तो पुढे येईल. तिसरीचं औषध कागदपत्रं. आणि चौथी सगळ्यात चिवट, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवू.

न कळण्याचा त्रास

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ४५ जणांवर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला दुखेल असा विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्यावर दिसलं की झटका नक्की बसणार हे माहीत असतानापेक्षा, बसेल की नाही हे निम्मंनिम्मं असताना ताण सर्वाधिक होता. म्हणजे वाईट बातमीपेक्षा 'कळत नाही' हेच शरीराला जड जातं. मग माणूस काय करतो? खात्री करून घ्यायला धावतो. नाडी पाहतो, गाठ चाचपतो, लक्षणं शोधत फोनवर तासभर घालवतो, घरच्यांना विचारतो, 'काही नसेल ना?' उत्तर मिळालं की दहा मिनिटं हलकं वाटतं. तेवढ्यात मेंदू एक चुकीचा धडा शिकतो: वाचलो ते तपासलं म्हणून. पुढच्या वेळी तपासायची ओढ आणखी लवकर येते.

म्हणून तोडायची ती तपासण्याची सवय. भीती राहिली तरी चालेल. क्रम असा ठेवा.

१. आठवडाभर फक्त नोंद करा: दिवसातून किती वेळा तपासलं, विचारलं, शोधलं. आकडा पाहून बहुतेक जण चकित होतात.

२. खात्रीशिवाय सोडून देता येतील अशा पंधरा गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीला ० ते १० त्रासाचे गुण द्या. पाठवलेला मजकूर पुन्हा न वाचणं (२). परीक्षण न पाहता चित्रपटाला जाणं (२). कुलूप एकदाच ओढून पाहणं (४). घरचं माणूस पोचलं का हे फोन करून न विचारणं (६). सकाळपासून दुपारपर्यंत नाडी न पाहणं (७). आकडे तुमचे वेगळे येतील.

३. तीन गुणांच्या आसपास सुरुवात करा. आठवड्यातून किमान चार वेळा. आधी लिहा: काय होईल असं वाटतं, आणि त्याची शक्यता किती टक्के. नंतर लिहा: काय झालं, आणि वाईट झालंच असेल तर मी काय केलं.

४. एका पायरीचा त्रास निम्म्यावर आला की पुढची घ्या. वरपर्यंत जायला बहुधा सहा ते दहा आठवडे लागतात.

तिसऱ्या पायरीतलं शेवटचं वाक्य, 'मी काय केलं', हे सगळ्यात मोलाचं. अंदाज चुकतात हे शिकणं ठीकच. पण अंदाज खरा ठरला तरी निभावून नेता येतं, हा अनुभव साठवायचा असतो.

बिघडतं कुठे? एक तर लोक नऊ गुणांच्या गोष्टीला हात घालतात, भाजतात आणि सोडून देतात. दुसरी गडबड जास्त लबाड आहे. हातानं तपासणं थांबतं, पण मनात उजळणी सुरू राहते: 'परवा डॉक्टर म्हणाले होते की काही नाही, म्हणजे नसणारच.' हीही तपासणीच. ती लक्षात आली की एवढंच म्हणायचं, 'असेल किंवा नसेल, आज कळणार नाही', आणि हातातल्या कामाकडे वळायचं. या वाक्यानं बरं वाटणार नाही, आणि ते अपेक्षितही नाही.

खरी काळजी आणि ही खोड यांत फरक कसा करायचा? एक प्रश्न, एक जाणकार, एक वेळ. नवी गाठ आली, वजन कारण नसताना उतरलं, तर दाखवायचंच, आणि ठरलेल्या तपासण्या ठरलेल्या वेळी करायच्याच. त्याच प्रश्नासाठी नवं काहीही घडलेलं नसताना दुसऱ्या डॉक्टरकडे जावंसं वाटलं, तर ती ओढ यादीत लिहा, गुण द्या.

घरच्यांसाठी एक सूचना: 'काही होणार नाही ग तुला' हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य ही खोड वाढवतं. आधी एकत्र बसून ठरवा, मगच बदला. अचानक गप्प बसलात तर तो तुटकपणा वाटतो. शब्द असे चालतात: 'याचं उत्तर मी सकाळी दिलंय. पुन्हा दिलं तर तासाभरानं पुन्हा लागेल. तुला भीती वाटतेय हे दिसतंय, मी इथेच बसतो.'

उरलेल्या चिंतेला वेळ नेमून द्या. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि तिच्यात फारसा बदल करायची गरज पडलेली नाही. रोज तीच वेळ, तीच खुर्ची, अर्धा तास. दिवसा चिंता उगवली की चार शब्दांत टिपून ठेवायची आणि त्या वेळेवर ढकलायची. वेळ झाली की यादी घेऊन बसायचं आणि मनसोक्त चिंता करायची. निम्म्या नोंदी तोवर शिळ्या झालेल्या असतात. ज्यांचं काही करता येतं त्यांच्यापुढे उद्याची एक कृती लिहायची. झोपण्याआधीचे दोन तास आणि अंथरूण ही जागा मात्र वर्ज्य, नाहीतर अंथरुणाला पाठ लागली की चिंता सुरू व्हायची सवय लागते. 'मन चिंती ते वैरी न चिंती' हे खरंच आहे; म्हणून तर त्याला वेळापत्रकात बसवायचं.

रिपोर्ट यायचाय तोवर

बायोप्सीच्या निकालाची वाट पाहताना जीव टांगणीला लागतो तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे: केव्हा कळणार हे माहीत नसतं, आणि डोक्यात 'असं झालं तर, मग तसं झालं तर' अशी पाच-पाच पावलांपुढची झाडं वाढतात. पहिलीवर उपाय सोपा. नमुना दिला त्याच दिवशी विचारा: निकाल कोणत्या दिवशी, कोण सांगणार, फोनवर की भेटून, त्या दिवशी आला नाही तर कुणाला विचारायचं. दुसरीसाठी कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे 'चांगला आला तर', उजवीकडे 'वाईट आला तर'. दोन्हीकडे फक्त पहिल्या ४८ तासांत करायची कामं लिहा, तीनपेक्षा जास्त नको. तिसऱ्या दिवसाचं नियोजन करायचं नाही, कारण त्यासाठी लागणारी माहिती अजून जन्मालाच आलेली नाही. भेटीला सोबत एक माणूस न्या. त्याचं काम धीर देणं नाही, लिहून घेणं.

डॉक्टरांनी आकडा सांगितला तर तो वाचायचा कसा हे आधीच शिकून ठेवलेलं बरं. उत्क्रांतिशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांना १९८२ मध्ये पोटातल्या मेसोथेलिओमाचं (अवयवांच्या आवरणाचा कर्करोग) निदान झालं. या आजारात जगण्याचा मध्यक तेव्हा आठ महिने होता. मध्यक आठ महिने याचा अर्थ 'माझ्याकडे आठ महिने आहेत' असा होत नाही. निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतर, आणि त्या नंतरच्या निम्म्यांची शेपटी किती लांब आहे याबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही. गुल्ड २००२ पर्यंत जगले आणि गेले ते वेगळ्या कर्करोगानं. हे उदाहरण आशेसाठी दिलेलं नाही. तुम्ही कोणत्या निम्म्यात आहात हे आकड्यावरून कळत नाही, एवढ्यासाठी आहे.

उलट बाजूही बघा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३४३ डॉक्टरांनी हॉस्पिसमधल्या ४६८ रुग्णांबद्दल अंदाज दिले. जेमतेम २० टक्के बरोबर निघाले, आणि ६३ टक्के प्रमाणाबाहेर आशावादी. तेव्हा 'किती दिवस?' असा प्रश्न विचारून नेमका आकडा मागू नका. विचारा: 'आपण दिवसांत मोजतोय, आठवड्यांत, महिन्यांत की वर्षांत?' आणि 'सगळं चांगलं झालं तर काय, सगळं बिघडलं तर काय, आणि बहुधा काय होईल?' या प्रश्नांना डॉक्टर प्रामाणिक उत्तर देऊ शकतात.

रात्री तीनला

छाती धडधडते, आणि 'मी एक दिवस नसेन' हे नुसतं माहीत असण्याऐवजी अंगावर येतं. ही लाट साधारण दहा मिनिटांत शिखराला पोचते आणि मग ओसरते. तिला थोपवायला गेलं की लांबते. उठून बसा, मंद दिवा लावा, पाय जमिनीला टेकवा. नाकानं चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. बाहेर सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून तो भाग लांब ठेवायचा.

इथे नेहमीची चूक म्हणजे 'दीर्घ श्वास घ्या' हे ऐकून छाती भरभरून श्वास घेणं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि तोच काहीतरी भयंकर होत असल्याचा पुरावा वाटतो. श्वास हळू हवा. नेहमीपेक्षा मोठा नको. अर्ध्या तासात झोप आली नाही तर दुसऱ्या खोलीत जाऊन काहीतरी कंटाळवाणं हातानं करा. फोन नको, आणि कुणाला उठवून विचारणं तर नकोच.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. छातीत दाब, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नव्यानं आलेली धाप: हे चिंतेच्या खात्यात टाकायचं नाही, तातडीनं उपचार घ्यायचे.

भान, पण मोजून

मरणाचा विचार मुद्दाम करायची पद्धत जुनी आहे. पाली साहित्यात तिला मरणस्सती म्हणतात. त्यातल्या एका सुत्तात भिक्षू एकेक करून सांगतात की आपण आणखी एक दिवस जगू, आणखी एक जेवण होईपर्यंत जगू असं धरून चालतो. बुद्ध मात्र पुढचा घास चावेपर्यंत किंवा पुढचा श्वास होईपर्यंतच धरून चालणाऱ्यालाच जागरूक म्हणतात. तेवढी पातळी गाठायची कुणावर सक्ती नाही. आठवड्यातून तीनदा, दिवसाउजेडी, दहा मिनिटं पुरतात.

दोन मिनिटं नुसतं बसा. मग मोठ्यानं म्हणा: 'मी मरणार आहे. केव्हा ते माहीत नाही.' शब्द मऊ करू नका. 'काही बरंवाईट झालं तर' असं म्हटलं की सरावातली हवाच जाते. शरीरात कुठे काय होतं ते तीन मिनिटं पाहा: घसा, पोट, हात. मग एकच प्रश्न: 'कशाचं पुढे ढकलणं मला चुटपूट लावेल?' उत्तरातून पुढच्या २४ तासांत, अर्ध्या तासात संपेल असं एक काम निवडा. कुणाला फोन, कुणाची माफी, लिहायचं राहून गेलेलं एखादं पत्र. उठा आणि हातानं काहीतरी करायला लागा.

हे दोन ठिकाणी हमखास घसरतं. काहींचं ते नाटक होतं: स्वतःची अंत्ययात्रा, कोण किती रडलं, कुणाला पश्चात्ताप झाला. मजा येते, पण ती स्वतःची कीव आहे. गर्दी दिसायला लागली की वाक्यावर परत या. काहींना उलट झपाटा येतो. आयुष्य छोटं आहे म्हणून नोकरी सोडायची, नातं तोडायचं, साठवलेलं उधळायचं. भीतीच्या किंवा भारावलेपणाच्या भरात घेतलेला, परत फिरवता न येणारा कोणताही निर्णय दोन आठवडे लिहून ठेवा आणि मगच करा.

जवळचं माणूस नुकतंच गेलेलं असेल, नैराश्य असेल, किंवा तेच विचार मनात पुन्हा पुन्हा येत राहण्याचा आजार (ओसीडी) असेल, तर हा सराव एकट्यानं करू नका. आणि मरणाची भीती नसून ओढ वाटत असेल, तर हे वाचणं थांबवून आजच कुणाला तरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रोज तासाभराहून जास्त वेळ तपासण्यात आणि चिंतेत जात असेल, झोप किंवा काम महिनाभर बिघडलेलं असेल, तरीही मदत घ्या. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) येणारा कुणी वरच्याच पायऱ्या तुमच्या मापानं बसवून देतो.

मागच्यांसाठी

दोन-दोन तासांच्या दोन बैठकांत हे काम होतं, आणि वर्षानुवर्षं लांबतं. कायदा देशागणिक वेगळा आहे, म्हणून मृत्युपत्राचा नमुना स्थानिक वकिलाकडून घ्या. बाकीचं सगळीकडे सारखंच. एका फाइलच्या पहिल्या पानावर फक्त इतकं: सुरुवातीला कुणाला कळवायचं, पैसे कुठे कुठे आहेत, कर्ज कुणाचं आणि कुणाला दिलेलं, विम्याच्या पॉलिसी कुठे ठेवल्यात, चालू औषधं मात्रेसकट, फोन उघडायचा कसा. रकमा लिहू नका, त्या बदलतात; खाती लिहा.

घोटाळे ठरलेले आहेत. नॉमिनी आणि वारस एकच असं समजणं. पुष्कळ ठिकाणी नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. ज्याला काही मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करणं. एकमेव प्रत अशा लॉकरमध्ये ठेवणं, जो उघडायला तीच प्रत लागते. जुन्या पॉलिसीवर जुन्याच जोडीदाराचं नाव. आणि हल्लीचा घोटाळा: माणूस गेल्यावर घाईनं त्याचा फोन नंबर बंद करणं, मग बँकेचे ओटीपी येतात तेच बंद होतात. नंबर काही महिने चालू ठेवा.

स्वतः बोलू शकत नसताना वैद्यकीय निर्णय कोण घेईल हे ठरवताना सगळ्यात मायाळू माणूस निवडू नका. रडत का होईना, तुमच्या वतीनं 'नको' म्हणू शकेल असा माणूस निवडा. त्याला 'मला नळ्या नकोत' एवढंच सांगणं अपुरं आहे. शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांचा व्हेंटिलेटर आणि सुधारण्याची आशा नसतानाचा व्हेंटिलेटर यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून यंत्राचं नाव न लिहिता अवस्था लिहा: माणसं ओळखता येत नसतील आणि सुधारणेची शक्यता नसेल, तर पुढे काय. शंका असेल तिथे 'अमुक दिवस करून पाहा, फरक नाही तर थांबवा' असं लिहिता येतं, आणि डॉक्टरांनाही ते सोपं जातं.

हे बोलणं समोरासमोर बसून काढलं की 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून उडवलं जातं. चालताना किंवा गाडीत, शेजारी-शेजारी असताना काढा. आपल्यापासून सुरू करा: 'माझ्याबद्दल एक गोष्ट तुला माहीत असावी.' वीस मिनिटं झाली की स्वतःच विषय बदला. एका दमात संपवायचं नसतं.

मुलांना 'मेले' हाच शब्द सांगा. 'झोपले' म्हटलं की लहान मूल झोपायला घाबरतं, 'लांब गेले' म्हटलं की वाट पाहतं. मेलेलं परत येत नाही ही समज बहुतेक मुलांना सात वर्षांच्या आसपास पक्की होते, त्याआधी ती येते-जाते. 'तू पण मरशील?' याला 'नाही' हे उत्तर खोटं आहे आणि मुलाला ते कधीतरी कळतंच. 'हो, सगळे मरतात. बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर मरतात. मला काही झालं तर तुझ्याजवळ मावशी असेल', असं, माणसाच्या नावासकट. त्या मावशीला हे आधी विचारलेलं असावं.

मोठ्यांना तेच उत्तर पुन्हा पुन्हा देऊ नका असं वर म्हटलंय, ते इथे लागू नाही. मूल तोच प्रश्न आठवडाभर विचारतं ते समजून घेण्यासाठी. दर वेळी त्याच शब्दांत, न वैतागता उत्तर द्या. पण ते रात्री उठून तुमचा श्वास चालू आहे का पाहायला लागलं, किंवा तुम्हाला सोडून शाळेत जायला तयार होईना आणि दोन-तीन आठवड्यांत हे कमी झालं नाही, तर मुलांच्या समुपदेशकाला दाखवा.